झोळीतला सरोता

मी वजनकाटा बोलतोय. बाजारातला नव्हे. बाजारातले माझे भाऊबंद वांगी-टोमॅटो तोलतात आणि दिवसभर गिऱ्हाइकांची कटकट ऐकतात. मी बाळांचा काटा. वर एक आकडी, खाली एक आकडी, मधे बशीएवढी गोल तबकडी आणि तिच्यावर फिरणारी बारीक सुई. खालच्या आकडीला कापडाची झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं आणि तबकडीकडे पाहायचं. एवढंच माझं काम.

तबकडीवर तीन रंग आहेत. सुई हिरव्यात थांबली की आई हसते. पिवळ्यात थांबली की आजी देवाचं नाव घेते. आणि लाल रंगात थांबली की नर्सबाई फोन काढून गाडी बोलावते. पाच किलोंच्या पुढे माझी धाव नाही. मोठ्या माणसांचं ओझं मला पेलवत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

अहेरीपासून वीस-बावीस किलोमीटर आत, सागाच्या जंगलाला लागून एक आरोग्य उपकेंद्र आहे. त्याच्या ओसरीत मी खिळ्याला लटकलोय. गावाचं नाव सांगत नाही. चूक माझी आणि माझ्या नर्सबाईची, गावाच्या तोंडाला काळं कशाला? माझ्या शेजारच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेला एक अडकित्ता टांगलाय. इकडे त्याला सरोता म्हणतात. नवीन माणूस ओसरीत आला की हमखास विचारतो, "दवाखान्यात सरोता कशाले? सिस्टर सुपारी खाते का?" आमची सिस्टर हसत नाही. मलाही हसू येत नाही. उलट दर वेळी खाली मान घालावीशी वाटते. पण टांगलेल्याला मान कुठली?

माझा जन्म कारखान्यातला. शहराचं नाव माझ्या पाठीवर होतं, ते कधीच गंजून गेलं. तिथं एका चष्मेवाल्या माणसानं मला पितळेची वजनं अडकवून पाहिली. एक किलो अडकवलं, मी एक किलो दाखवलं. दोन अडकवलं, दोन दाखवलं. तो म्हणाला, "पास," आणि माझ्या कपाळावर शिक्का मारला. त्या दिवसापासून मला घमेंड चढली, की आपण खोटं बोलत नाही. ही घमेंडच मला पुढे नडली.

उपकेंद्रात आलो तेव्हा तिथं सुमित्रा मडावी नावाच्या नर्सबाई होत्या. शिक्षण जेमतेम, पण पंचवीस वर्षं याच जंगलात पायी फिरलेल्या. त्यांची पद्धत ठरलेली. रिकामी झोळी अडकवायची, माझा स्क्रू फिरवून सुई शून्यावर आणायची. मग बाळाचं सगळं कापड काढायचं आणि उघडं बाळ झोळीत ठेवायचं. थंडी असली तर आधी चूल पेटवून खोली ऊबदार करून घ्यायच्या, पण बाळाला उघडं केल्याशिवाय आकडा वाचायच्या नाहीत.

आणि त्यांना गाव माहीत होतं. या भागात बाळाच्या अंगाशी लोखंड ठेवतात. कुणी विळा ठेवतं, कुणी चाकू. आमच्या गावात रंभाबाईचा सरोता ठेवायचे. रंभाबाई ही गावची जुनी सुईण. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली तरी बाळाला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं जायचं, आणि ती आली की तिचा सरोता यायचा. सवा महिना तो त्या घरी राहायचा, मग पुढच्या घरी. सगळ्या गावाची लेकरं त्या एका सरोत्याच्या राखणीत वाढली म्हणा ना.

सुमित्राबाई वजनाच्या वेळी म्हणायच्या, "रंभाबाई, तो सरोता तुमच्या हातात घ्या अन् लेकराच्या वर धरा. मी वजन करतो तोपर्यंत राखण तुमच्याकडं." रंभाबाई ऐटीत सरोता वर धरायची. बाळ माझ्या झोळीत, सरोता तिच्या हातात आणि आकडा बरोबर. कुणाचाच अपमान नाही. मला तेव्हा या गोष्टीचं मोल कळलं नव्हतं. मला वाटायचं, म्हातारीचे उगाच लाड चाललेत.

सुमित्राबाई निवृत्त झाल्या आणि नंदिनी रामटेके आली. मूळची सावली गावची, वय सव्वीस. बाबासाहेबांचा फोटो आणि पुस्तकांची पेटी घेऊन आली. बापानं रोजमजुरी करून शिकवलेली, वर्गात पहिली आलेली. आल्या आठवड्यात तिनं उपकेंद्राच्या भिंती स्वतः चुन्यानं रंगवल्या. मला फडक्यानं पुसलं, स्प्रिंगला तेल दिलं. मला ती फार आवडली. मी तिला अहो-जाहो करत नाही. ती माझ्यासमोर रडलेली आहे, एवढी जवळीक पुरे.

तिच्या घरी असल्या रिवाजांना कधीच थारा नव्हता. "हे सगळं सोडूनच आपण माणसात आलो," असं तिचे वडील म्हणायचे. त्यामुळे गावातल्या एका घरी तिनं पहिल्यांदा बाळाच्या कुशीत सरोता पाहिला तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"हे काय आहे?"

"सरोता हाये बाई," रंभाबाई म्हणाली. "लेकराच्या जोळ लोखंड असलं का काई लागत नाई."

"गंजकं लोखंड लेकराच्या अंगाशी? टोचलं म्हणजे? आजी, जग चंद्रावर गेलं आणि तुम्ही अजून सरोताच घेऊन बसल्या! तुमच्यासारख्यांमुळंच आपला जिल्हा मागं राहिला." आणि तिनं सरोता उचलून अंगणात फेकला. तो दगडावर आपटून खण्णकन वाजला.

अंगणात आठ-दहा बाया होत्या. दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. रंभाबाई काही बोलली नाही. तिची नात करिष्मा तिथंच उभी होती, दहावीतली पोरगी, अंगावर शाळेचा ड्रेस. रंभाबाईचा नातू लच्छू, त्याची ती धाकटी बहीण. या दोघा भावंडांचे आईबाप लवकर गेले, आजीनंच वाढवलेलं. करिष्मानं सरोता उचलला, ओढणीला पुसला आणि आजीचा हात धरून तिला घरी घेऊन गेली.

मी नंदिनीच्या हातात होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. शास्त्राच्या बाजूनं आपण आहोत, असं वाटून मी मनात फुगलो.

त्यानंतर गावात बाळाजवळ सरोता दिसला नाही. महिन्याच्या सभेत नंदिनीनं उभं राहून सांगितलं, "माझ्या गावातून ती प्रथा पूर्ण बंद झाली." टाळ्या पडल्या. साहेबांनी तिला गुलाबाचं फूल दिलं. परत येताना तिनं ते माझ्या झोळीत ठेवलं होतं. गुलाबाला काय वजन असणार? सुई हललीसुद्धा नसती.

पुढच्या डिसेंबरातली गोष्ट. लच्छूच्या बायकोला, रीताला, नऊ महिने भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. गाडी यायच्या आत बाळ घरीच झालं. मुलगा. आईबाळ बरे दिसतात म्हणून लच्छूनं आलेली गाडी परत पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नंदिनी मला घेऊन पोचली. सोबत आशा कार्यकर्ती गिरजाबाई होती. ही गावातलीच, घरोघरी जाऊन आईबाळाची खबर ठेवणारी.

थंडी मरणाची होती. अंगणात शेकोटी पेटवलेली. घरात रीता भिंतीला टेकून बसलेली, रंभाबाई कोपऱ्यात, करिष्मा बाळाला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसलेली. नंदिनीनं मला आढ्याच्या लाकडाला टांगलं. रिकामी झोळी लावून सुई शून्यावर आणली. इथपर्यंत सगळं बरोबर.

मग तिनं घड्याळ पाहिलं. एक वाजता अहेरीला सभा होती आणि त्याआधी अजून तीन घरं. तिनं गोधडीचा पदर जरा उचलला, बेंबी पाहिली, बाळाचा चेहरा पाहिला आणि पदर परत टाकला.

"उघडं नाही करत. थंडी वाजेल त्याला," ती म्हणाली. "गोधडीचे अडीचशे वजा करू."

गिरजाबाईनं तोंड उघडलं. "बाई, सुमित्राबाई तं आधी..."

"सुमित्राबाईंच्या वेळी सरोते होते, गिरजाबाई. आता नाहीत."

गिरजाबाईनं झोळीचं कापड सरळ केलं. सिस्टर शिकलेली, आपण आठवी, कोण बोलणार!

बाळ गोधडीसकट माझ्या झोळीत आलं. झोळी एका बाजूला कलली. मला ते कळलं. बाळाचं वजन मऊ असतं, मधोमध बसतं. इथं एका कडेला काहीतरी कडक, थंड आणि जड होतं. कापडातूनही लोखंडाला लोखंड ओळखू येतं. पण मी काय केलं? जे टांगलं ते दाखवलं. दोन किलो साडेतीनशे. नंदिनीनं अडीचशे वजा केले आणि लिहिलं, दोन किलो शंभर. पिवळा रंग. आजीनं देवाचं नाव घेतलं.

नियम असा की बाळ अठराशे ग्रॅमच्या खाली असेल तर एक घटकाही घरी ठेवायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं, जिथं नवजात बाळांना काचेच्या पेटीत ठेवतात. दोन किलो शंभर म्हणजे घरीच सांभाळायचं. नंदिनीनं नीट समजावून सांगितलं: ऊब ठेवा, दर दोन तासांनी अंगावर पाजा, सात दिवस आंघोळ नको. सगळं बरोबर सांगितलं. फक्त ते दुसऱ्याच कुठल्या तरी, जास्त वजनाच्या बाळासाठी होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाईचा फोन आला. "बाई, लेकरू थंड पडून राह्यलं. दूध ओढून नाई राह्यलं. लवकर या."

नंदिनी कशी आली ते तिचं तिलाच माहीत. बाळाचे ओठ निळसर पडले होते. रडणंसुद्धा मांजराच्या पिलासारखं. "रीता, पोलकं काढ. याला उघडं करून तुझ्या छातीशी लावायचंय, अंगाला अंग," असं म्हणत तिनं घाईघाईनं गोधडी सोडली. गोधडीच्या कोपऱ्याला गाठ होती. ती सुटली आणि सरोता जमिनीवर पडला. खण्णकन.

तोच आवाज. नंदिनी त्या सरोत्याकडे बघतच राहिली. रंभाबाईनं सरोत्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या करिष्माकडे पाहिलं आणि म्हणाली, "मीनं ठेवला होता. माह्याच हातानं."

नंदिनीनं बाळ आईच्या छातीशी बांधलं, वरून आपली शाल गुंडाळली, गाडीला फोन केला. गाडी येईस्तोवर एकदाच त्याला उघडं करून माझ्या झोळीत ठेवलं. सोळाशे चाळीस. मग बाळ काढून नुसता सरोता ठेवला. साडेतीनशे. तिनं वहीतला पहिला आकडा काढून त्यातून साडेतीनशे वजा केले. पहिल्या वजनाच्या दिवशी बाळ साडेसतराशेच होतं. सुई लाल रंगात असायला हवी होती. तेव्हाच ते काचेच्या पेटीत जायला हवं होतं.

सुई माझी होती. मी आयुष्यभर मिरवलेलं खरेपण त्या दिवशी मातीत गेलं. टांगलेल्या वजनाचं खरं मी सांगितलं, पण लेकराचं खरं सांगितलं नाही.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकली आणि व्हरांड्यात सगळ्यांसमोर रंभाबाईला फैलावर घेतलं. "तुमच्या या अडाणीपणानं पोराचा जीव चालला होता. पणतू हवाय की सरोता हवाय?" पेशंटचे नातेवाईक जमा होऊन ऐकत होते. म्हातारी हात जोडून उभी होती. "चुकलं साहेब," एवढंच म्हणत होती. नंदिनी तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. मी तिच्या पिशवीत होतो. एक वाक्य बोलायचं होतं: "साहेब, मी बाळाला उघडं केलं नाही." ती बोलली नाही. तिनं खाली फरशीकडे पाहिलं.

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर मी तिला भित्री म्हणून मोकळा झालो असतो. पण ती माझी बाई होती, आणि मला माझ्याच अंगाची लाज वाटली.

त्या रात्री तिनं अहवाल लिहिला. "कुटुंबाने बाळाच्या कापडात लोखंडी वस्तू लपवल्यामुळे वजनात चूक झाली." शब्दन्‌शब्द खरा. माझ्यासारखाच खरा.

पियुष, म्हणजे ते बाळ, सव्वीस दिवस पेटीत राहिलं. या सव्वीस दिवसांत नंदिनी धड जेवली नाही. निवृत्त सुमित्राबाईंकडे एकदा जाऊन आली. त्यांनी रागावणं दूर, चहा दिला आणि विचारलं, "पोरी, तू तो सरोता फेकला तव्हा म्हातारी काई बोलली का?"

"नाई."

"मंग तो गेला नोता. लपला होता."

आल्यावर नंदिनी ओसरीत बसून रडली ती तेव्हा. मग तिनं अहवालाची प्रत काढली आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं: "बाळाला न उघडता वजन केले. प्रथेबद्दल कुटुंबाशी बोलणे तोडले होते, त्यामुळे त्यांनी वस्तू लपवली. चूक माझी." कागद वर पाठवला. त्यावर तिला कारणे दाखवा नोटीस आली. ती अजून तिच्या पेटीत आहे, गुलाबाच्या वाळक्या पाकळ्यांजवळ.

बाळ घरी आल्यावर ती मला घेऊन रंभाबाईच्या घरी गेली. आधी गिरजाबाईला सांगून मुद्दाम त्याच आठ-दहा बायांना बोलावून घेतलं होतं. अंगणात उभी राहून ती आजीशी बोलली. त्या वेळी तिच्या तोंडची ऑफिसची भाषा गळून पडली आणि सावलीची आली.

"आजी, त्या दिवशी मीनं तुमचा सरोता फेकला, तुमाले नाई नाई ते बोल्ली. अन् दवाखान्यात तुमी बोलणं खात होत्या तं मी चुपचाप उभी राह्यली. माफी मांगाले आली मी."

"जाऊ द्या बाई," रंभाबाई म्हणाली. "लेकरू वाचलं ना."

"आता वजन करतो. सरोता तुमी हातात धरा. लेकराच्या वर."

म्हातारीनं सरोता वर धरला. पियुष उघडा माझ्या झोळीत. दोन किलो दोनशे दहा. बाया हसल्या, या वेळी चांगल्या हसल्या. फक्त करिष्मा दाराच्या आड उभी राहून हमसून हमसून रडत होती. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडते. मलाही तसंच वाटलं.

निघताना रंभाबाईनं सरोता नंदिनीच्या हातात दिला. "ठेवा तुमच्याकडं. ज्याच्या घरी लागंल त्याच्या घरी घेऊन जात जा. तुमी आणला तं कोणी लपवणार नाई."

तेव्हापासून सरोता माझ्या शेजारी आहे. बाळाच्या वजनाला आम्ही दोघं जोडीनं जातो. मी आढ्याला, तो आजीच्या हातात. काही आज्या आता म्हणतात, "राहू दे ना बाई, काई गरज नाई." आपणहून म्हणतात, कुणी फेकायला लागत नाही.

चंद्रपूरच्या एका नर्सिंग शाळेतल्या मुली दर वर्षी महिनाभर आमच्याकडे खेड्यातलं काम शिकायला येतात. पांढरे कोट, नवे बूट, हातात वह्या. त्यांना वाटतं, नर्स म्हणजे सुई टोचणारी आणि साहेबांनी सांगितलेलं करणारी. नंदिनी पहिल्याच दिवशी गोधडीत सरोता बांधून माझ्या झोळीत ठेवते आणि विचारते, "काटा बरोबर आहे का?" त्या तपासून म्हणतात, "बरोबर आहे, मॅडम." मग ती गोष्ट सांगते. स्वतःचं काही झाकत नाही. व्हरांड्यात फरशीकडे पाहत उभी होते, हेही सांगते.

या वर्षीच्या तुकडीत करिष्मा होती. हो, तीच. बारावी करून नर्सिंगला गेली, गावातली पहिली. तिला पाहून नंदिनीला भरून आलं. तिनं हळूच विचारलं, "गोष्ट सांगू ना? तुझ्या घरची आहे." करिष्मानं मान हलवली.

गोष्ट संपली. नंदिनी म्हणाली, "आजीनं सरोता लपवला, कारण मी तिला लाजवलं होतं."

करिष्मा उठून उभी राहिली. तिच्या कोटाची बटणं ती एकसारखी चाचपत होती.

"मॅडम, आजीनं नाई लपवला."

"म्हणजे?"

"तुमी बोलल्या त्या दिवसापासून आजीनं सरोता पेटीत टाकून ठेवला होता. सिस्टर शिकलेली हाये, तिचं ऐकावं, असं म्हणे. पण पियुष झाला अन् आजीले झोपच नाई ये. रातभर लेकराजोळ बसून राहे. मले तिची कीव आली. मीनंच गोधडीत बांधला. आंघोळ नोती, गोधडी मीच बदलत होती. कोणालेच मालूम नोतं. पडला तव्हा आजीले पयल्यांदा मालूम झालं."

नंदिनी खाली बसली. मला आठवलं, सरोता पडल्यावर म्हातारीनं आधी दाराकडे पाहिलं होतं आणि मग बोलली होती. इतकी वर्षं मी ते पाहूनही वाचलं नव्हतं.

म्हणजे जिला अडाणी म्हटलं, तिनं सिस्टरचं ऐकलं होतं. आणि ऐकूनही, भर व्हरांड्यात, हात जोडून सगळं बोलणं अंगावर घेतलं होतं. नंदिनीनं माफी मागितली तीसुद्धा, लपवणारी आजीच, असं धरूनच. दर वर्षी नव्या मुलींसमोर ती त्या म्हातारीला पुन्हा लपवणारी ठरवत आली होती आणि मी झोळीसकट तिला साथ देत होतो.

ती तशीच उठली. मला घेतलं, सरोता घेतला आणि करिष्माला घेऊन रंभाबाईच्या घरी गेली. मुलीही मागोमाग आल्या. म्हातारी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. आता तिला कमी दिसतं. पियुष तिच्या भोवती हुंदडत होता. मला पाहताच "मले बसाचं, मले बसाचं" म्हणून त्यानं झोळी ओढली. आता तो तेरा किलोंचा, माझ्या आवाक्याबाहेरचा.

नंदिनी तिच्यासमोर मातीतच बसली. "आजी, काऊन नाई सांगितलं? इतके वर्षं?"

रंभाबाईनं करिष्माकडे पाहिलं आणि ओळखलं. फुलं पसरणारा हात थांबला.

"सांगून काय कराचं होतं, बाई? मी बोलणं खाऊन खाऊनच म्हातारी झाली. अजून थोडं खाल्लं तं का बिघडलं? पण त्या डॉक्टरनं हिले तसं बोल्लं असतं ना, तं ही पोट्टी पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नसती. अन् हिले तं तुमच्यासारखं शिकाचं होतं. रोज म्हणे, मी सिस्टर होईन."

करिष्मा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून रडत होती, आणि त्या कोटातल्या सगळ्या मुली अंगणात उभ्या राहून आपापल्या नव्या बुटांकडे पाहत होत्या. नर्सच्या धंद्याचं पुढं काय होणार यावर सभा होतात, भाषणं होतात. मी बरीच ऐकली आहेत. त्या धंद्यातली उद्याची एक सिस्टर एका निरक्षर सुईणीनं शिव्या खाऊन वाचवली होती. त्याबद्दल तिला कुणी गुलाब दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी नंदिनीनं पुन्हा सगळ्या मुलींना ओसरीत बसवलं आणि गोष्ट पहिल्यापासून सांगितली, दुरुस्त करून. अहवालाच्या प्रतीवर तिनं अजून दोन ओळी लिहिल्या. वर कुणी वाचणार नाही, तिलाही माहीत आहे. तरी लिहिल्या.

आता मी थकलोय. स्प्रिंग ढिली झाली आहे. रिकामी झोळी लावली तरी सुई शून्यावर येत नाही, पन्नासावर थांबते. स्क्रू कितीही फिरवा. बॅटरीवर चालणारा नवा काटा आलाय, आकडे लाल दिव्यात दाखवतो. येत्या तपासणीत मला निकामी ठरवतील आणि भंगाराच्या खोलीत टाकतील. सरोता मात्र करिष्मा मागून घेणार आहे. जिथं पहिली नेमणूक होईल तिथं नेणार म्हणते.

तर मुलींनो, नव्या काट्यावरही फार भरवसा ठेवू नका. तोही माझ्यासारखाच, जे टांगाल ते दाखवील. लेकराला उघडं करून तोला. आजीला विचारा, तिच्या पदरात काय आहे ते. गिरजाबाईनं तोंड उघडलं तर तिचं पूर्ण ऐका. आणि तुमच्या वाट्याचं बोलणं दुसरी कुणी हात जोडून खात असेल, तर फरशीकडे पाहत उभ्या राहू नका. मी गप्प राहिलो, कारण मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे.